कोरसाची जागा

गेल्या पौषातली गोष्ट. महाडच्या बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानात मी सकाळपासून लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि त्यात चाळीस परदेशी माणसं थेंबाथेंबानं उतरत होती. दुकानदार ओळखीचा, म्हणून त्याचं वायफाय. आमची वाडी पोलादपुराहून कापडे गावाच्या अंगाला वर चढून जावं लागतं तिथं. मोबाइलला रेंज येते ती फक्त देवळाच्या जोत्यावर, आणि तीही उभं राहिलात तर. तिथून अडतीस जीबी उतरवायचे म्हटले असते तर तोवर माझंच वर्षश्राद्ध आलं असतं.

चाळीस माणसं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर वाटेल ह्याचं डोकं फिरलं. त्याला सॅम्पल लायब्ररी म्हणतात. कुठल्याशा थंड देशात एका मोठ्या हॉलमध्ये गाणारी माणसं उभी करतात आणि त्यांच्याकडून एकेक सूर गाऊन घेतात. नुसता 'आ'. मग 'ऊ'. मग तोंड मिटून 'म'. हळू, मोठ्यानं, आणखी मोठ्यानं. ते सगळं रेकॉर्ड करून विकायला ठेवतात. आपण घरी बसून की-बोर्डची एक पट्टी दाबायची की चाळीस जण गायला लागतात. बोट उचललं की गप्प. चहा मागत नाहीत, रुसत नाहीत, आणि गणपती झाले की मुंबईला जात नाहीत.

तीस वर्षं हाच माझा धंदा. मालिकांची शीर्षकगीतं, देवीच्या आरत्या, निवडणुकीतल्या घोषणासुद्धा. निर्मात्याला कोरस हवा असायचा आणि गाणारे बोलवायचे नसायचे. मग मी पट्ट्या दाबायचो. या वेळी मात्र गिऱ्हाईक कोणी नव्हतं. बाबांचं वर्ष आलं होतं, दहा दिवस उरले होते, आणि मला बाबांसाठी कोरस हवा होता.

बाबा वाडीच्या भजनाचे बुवा. आमच्याकडे बुवा पुढे पेटी घेऊन बसतो, आणि मागे बसून जे ओळ उचलतात तो कोरस. शब्द इंग्रजी, पण आमच्या म्हाताऱ्यांना तो ज्ञानेश्वरांपासून चालत आल्यासारखा वाटतो. बुवा ओळ सोडतो, कोरस उचलतो. बुवाचं शेवटचं अक्षर संपायच्या आत उचलायची, मध्ये फट पडता कामा नये. आणि बुवानं ओळ सोडल्याशिवाय कोरसानं तोंड उघडायचं नाही, मग आभाळ कोसळलं तरी. बाबा म्हणायचे, "बुवा एकटा गायला तर त्याला भजन नाय बोलत. तो रडला असं बोलतात."

सोळाव्या वर्षी त्यांनी मला कोरसात बसायला सांगितलं. मला पेटी वाजवायची होती, पुढे बसायचं होतं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मागं बसून दुसऱ्याच्या ओळी ओरडायला मी काय पोपट हाय?" बाबांनी हात उगारला नाही. पेटीचा भाता सोडला आणि पुढची ओळ सुरू केली. वर्षभरात मी मुंबईला गेलो. ज्यानं कोरसात बसायचं नाकारलं त्यानं पुढची तीस वर्षं कोरस विकून पोट भरलं. देवाला पण काय गंमत सुचते!

परत आलो त्यात मोठेपणा काही नव्हता. नवी पोरं लॅपटॉपवर सगळं स्वतःच करायला लागली, मला कोण बोलावतो? संसार मी मांडलाच नव्हता. बाबा थकले होते. त्यांची शेवटची दोन वर्षं मी त्यांच्याजवळ होतो, असं मी लोकांना सांगतो. जवळ म्हणजे एका घरात. ते पडवीत बसायचे आणि मी आतल्या खोलीत हेडफोन लावून.

ते गेल्यावर वर्षभर मी एकटा. कोणी विचारलं तर म्हणतो, शांतता आवडते म्हणून राहिलोय. साफ खोटं. मला एकटं वाटतं. सकाळी अजून दोन कपांचं आधण ठेवतो आणि मग स्वतःलाच चार शिव्या घालतो. वाडीत आता उघडी दारं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. तळीयेची दरड कोसळल्यानंतर डोंगराकडची घरं भीतीनं खाली उतरली, बाकीचे मुंबईला होतेच. उरलो मी, शेजारची काकी, मृदंग वाजवणारे काका, आणि दोन-चार म्हाताऱ्या.

जायच्या आठवडाभर आधी बाबांनी मला जवळ बोलावलं होतं. "माझ्या वर्षाला भजन ठेव. पण कोरस पायजे हां. एकट्यानं गाऊ नको." मी हो म्हणालो. जाणाऱ्या माणसाला हो म्हणायला काय लागतं? निस्तरायचं मागं राहिलेल्यानं. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती, कोरसात बस म्हणाले होते ती सोडली तर. पहिली मी नाकारली होती. ही चुकवायची नव्हती.

मी मुंबईला सगळ्यांना फोन केले. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, सुट्टी नाय भेटत रे. गणपतीला आठ दिवस काढले. आता मागितली तर साब बोलेल, कायमचाच जा गावाला." खरंच होतं ते. गणपती आणि शिमगा सोडून कोण येतो? पौषात तर कुत्रंही येत नाही. दुधाची तहान ताकावर भागवायची ठरवलं, आणि महाड गाठलं.

चार लायब्रऱ्या उतरवून आणल्या. दोन विकत घेतल्या, बाकीच्या दोन चार दिवस फुकट वापरायला मिळालेल्या. घरी पडवीत स्पीकर लावला आणि एकेक ऐकायला बसलो. शेजारची काकी सुपात वाल घेऊन सोलायला येऊन बसली. ही बाबांच्या थोरल्या चुलतभावाची बायको. ऐंशीला टेकली आहे, पण कान माझ्यापेक्षा तिखट.

पहिली लायब्ररी चाळीस जणांची. प्रचंड हॉल, आणि त्या हॉलचा घुमारा आवाजातच मुरलेला, काढता येत नाही. पट्टी दाबली तसा घाटात ढग अडकावा तसा आवाज पडवीत भरला.

"ह्यांचा कोण मेलाय रे?" काकी म्हणाली.

"कोणी नाही. असंच गातात ते."

"येवढी मानसं हायत. मग ह्यांचा बुवा कुठाय?"

"बुवा मीच."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

दुसरी शाळकरी मुलांची. आवाज काचेसारखा स्वच्छ. काकी म्हणाली, "पोरां बरी हायत, पन जेवली नायत वाटता." तिसरीत अक्षरं जोडून शब्द तयार करायची सोय होती. मी हरखलो. तासभर खटपट करून विठ्ठलाचं नाव जुळवलं. पण त्या बापड्यांच्या देशात 'ठ' नाही. जे बाहेर पडलं ते असं, की एखाद्या साहेबानं लिंबूसरबत पिता पिता देवाला हाक मारावी. देवानं घेतलं असतं चालवून, काकीनं नसतं घेतलं. ती हसून हसून खोकायला लागली आणि मला तिच्यासाठी पाणी आणावं लागलं.

चौथी आठ जणांची. खोली लहान, घुमारा नाही, आणि श्वास वेगळे रेकॉर्ड केलेले. एक बटण दाबलं की सूर सुरू होण्याआधी आठ माणसं श्वास घेतात. ते बटण मी पुन्हा पुन्हा दाबलं. वर्षभरात त्या घरात माझ्याशिवाय कोणी श्वास घेतलेला ऐकला नव्हता. हीच घेऊन टाकली. काकी वाल सोलत राहिली, म्हणजे तिला अगदीच वाईट वाटली नसावी.

दुसऱ्या दिवशी पेटी काढली, बाजूला की-बोर्ड मांडला आणि बाबांचा गजर म्हणायला लागलो. आली का पंचाईत! पट्टी दाबली तरी सॅम्पलचा आवाज उमलायला क्षणभर घेतो. स्टुडिओत त्याचं काही वाटत नाही. भजनात तेवढीच फट पडते. मग मी पट्टी आधी दाबायला लागलो. पण आधी दाबायची तर माझी ओळ अजून माझ्या तोंडात, लक्ष बोटात, आणि ओळ संपते न संपते तोच पुढच्या ओळीची तयारी. चौथ्या ओळीला दम लागून मी थांबलो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कोरस असतो कशाला? बुवाला श्वास घेता यावा म्हणून. आणि माझा कोरस माझ्याच बोटांनी गाणार, तर मी श्वास घेणार कधी? मशीनमधली आठही माणसं छान श्वास घेत होती. मी सोडून सगळे.

फट बुजवायच्या खटपटीत दिवस गेले, चारच उरले. मी शेवटचा उपाय काढला. देवळाच्या जोत्यावर उभा राहून वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: बाबांच्या वर्षासाठी प्रत्येकानं एक लांब 'आ' पाठवा, पाच मोजेपर्यंत. सोबत पेटीचा सूर पाठवला. खोली बंद करा, पंखा बंद करा, आजूबाजूला आवाज नको. म्हटलं आपल्याच माणसांची लायब्ररी करू. त्या आठ जणांत मिसळली की निदान वास तरी आपला येईल.

चुलतभावाचा लगेच फोन. "नुसता आ काय करायचा दादा? दाताच्या डॉक्टरकडं बसलोय काय?"

"सांगतो तेवढं कर," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

दोन दिवसांत अकरा रेकॉर्डिंगं आली. घरी येऊन ऐकायला बसलो आणि कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी! एकानंही 'आ' पाठवला नव्हता. एकाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या. एक वॉचमनच्या केबिनमधून, मध्येच गेटची कडी. एकानं सिग्नलला रिक्षा थांबली तेवढ्यात उरकलेलं, म्हणजे हॉर्न फुकट. ते एक वेळ चाललं असतं. पण प्रत्येकात मागे बारीक आवाजात बाबा गात होते. दुसऱ्या मोबाइलवर बाबांचं रेकॉर्डिंग लावायचं, ते ओळ सोडतात तोवर थांबायचं आणि मग ती उचलायची, असं अकराही जणांनी केलं होतं. एकमेकांना न विचारता.

मी तणतणत जोत्यावर गेलो आणि चुलतभावाला फोन लावला. "मी काय सांगितलं होतं? बाबांचा आवाज मागे कशाला घातलात? आता तो काढू कसा?"

तो अगदी समजावल्यासारखं म्हणाला, "अरे दादा, बुवानं ओळ सोडल्याबिगर उचलायची कशी?"

मी विषय बदलला. "कुठलं रेकॉर्डिंग लावलंत?"

"बुवांनी ग्रुपवर टाकलेला ना, एकादशीचा. तोच."

"मी तो साफ करून परत पाठवला होता की."

"तुझ्यात आम्हाला जागाच नाय रे," तो म्हणाला.

हे रेकॉर्डिंग मला आठवत होतं. जायच्या आधी काही महिने बाबांनी देवळात एकट्यानं गजर म्हणून मोबाइलवर घेतला होता आणि ग्रुपवर टाकला होता. खाली सगळ्यांनी हात जोडले आणि विषय संपला. मी ऐकलं तर एक ओळ, मग लांबलचक शांतता. पुन्हा ओळ, पुन्हा शांतता. शांततेच्या शेवटी बाबा एकदा "हां" म्हणायचे आणि पुढची ओळ. मला वाटलं दम लागतोय म्हाताऱ्याला. मला दया आली, आणि मी माझ्या परीनं मुलाचं कर्तव्य केलं. सगळ्या शांतता कापल्या, ते "हां" कापले, थोडा घुमारा घातला आणि दीड मिनिटांचं देखणं काम करून दिलं. बाबांनी कानाशी मोबाइल धरून पूर्ण ऐकलं. म्हणाले, "बरा झालाय. जरा घाई झाली." मला राग आला होता. म्हटलं, ह्यांना माझं कधी काही आवडलंय का?

फोन ठेवून घरी आलो. दुपारची वेळ, वीज नव्हती, लॅपटॉपची बॅटरी होती तेवढ्यावर बसलो. अजूनही मी हट्ट सोडला नव्हता. म्हटलं, बाबांचा आवाज कापून निदान लोकांचे आवाज वाचवू. पण कापणार कुठं? कोरसानं ओळ उचलली ती नियमाप्रमाणं, बाबांचं शेवटचं अक्षर संपायच्या आत. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी बाबा होते. ते काढले की कोरसही तुटायचा.

मग आधी अकरा रेकॉर्डिंगं एकाखाली एक लावून घेतली. असे तुकडे जुळवायचे तर सगळ्यांत समान असलेली जागा शोधतात. सगळ्यांत समान एकच गोष्ट होती, बाबांचं पहिलं अक्षर. ते अकरा ठिकाणी एका रेषेत आणलं आणि बटण दाबलं.

बाबा समोर येऊन बसले.

ह्यात चमत्कार काही नाही. कुकर, हॉर्न, गेट प्रत्येकाचे वेगळे, ते पांगले. पण बाबांचं रेकॉर्डिंग सगळ्यांकडे तेच, म्हणून त्यांचा आवाज अकरा वेळा एकाच जागी पडला. तो बारीक, कुचकामी, दुसऱ्या मोबाइलमधला आवाज सगळ्यांवर चढून उभा राहिला. त्यांनी ओळ सोडली. आणि मी जिथं कात्री चालवली होती त्या शांततेत, बरोबर त्या मापात, अकरा जणांनी ती उचलली. एक वीतभर इकडे नाही, तिकडे नाही. संपली. "हां," बाबा म्हणाले.

दम नव्हता लागला त्यांना. त्यांनी कोरसाची जागा सोडली होती. आणि ती मी कापली होती, साफ केली म्हणून. मी तोंडात उपरणं घालून रडलो. बाबा गेले तेव्हाही असा रडलो नव्हतो.

दुसरी ओळ सुरू झाली आणि दारातून कोणीतरी ती उचलली. काकी. हातात सूप तसंच. गाऊन झालं तेव्हा माझ्याकडे बघत म्हणाली, "भावोजी दर शनिवारी तसाच गायचे देवलात. वल सोडायचे, गप बसायचे, मग हां बोलायचे. मी एकदा विचारला, भावोजी, हां कोनाला बोलता? बोलले, मुंबयवाल्यांना. त्यांची जागा मोडायला नको."

दर शनिवारी. दोन वर्षं. देऊळ आमच्या पडवीतून दिसतं. आणि मी हेडफोन लावून आत बसलो होतो, उरल्यासुरल्या गिऱ्हाइकांसाठी खोटा कोरस करत.

"आनि तू काय गप बसलायस रे?" काकी म्हणाली. "तू नाय उचलायचा?"

वर्षाच्या दिवशी संध्याकाळी देवळात दिवा लावला. मृदंगवाल्या काकांचे हात कापतात, पण थाप अजून जागेवर पडते. काकी आणि दोन म्हाताऱ्या एरवी बायकांच्या खांबाशी बसायच्या, त्या आज कोरसात येऊन बसल्या, कारण त्यांना मागं पाठवायला पुरुष होते कुठं? पुढे बुवाच्या जागी पेटी ठेवली, आणि पेटीवर मोबाइलला जोडलेला स्पीकर; मोबाइलमध्ये जुळवलेली ती अकरा रेकॉर्डिंगं. की-बोर्ड मी आणलाच नव्हता. ती आठ गुणी माणसं घरी लॅपटॉपमध्ये राहिली, बिचारी.

मी मागं कोरसात, काकीशेजारी जाऊन बसलो. पन्नाशी उलटल्यावर, पहिल्यांदा.

बाबांनी ओळ सोडली. वॉचमन, रिक्षावाला, कुकर, काकी, सगळ्यांनी उचलली. मी उशिरा शिरलो, फट पडली. काकीनं मान न वळवता माझ्या गुडघ्यावर चापट मारली. दुसऱ्या ओळीला मी कान देऊन बसलो. बाबांचं शेवटचं अक्षर अजून हवेत होतं तेव्हाच उचलली, आणि जागा संपेपर्यंत सोडली नाही.

"हां," बाबा म्हणाले.